रघूभाईंचा शनी

रघूभाई नार्वेकर फोटो काढताना कुणालाही हसायला सांगत नसत. समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी हलकेच उचलायची, जराशी वळवायची, आणि कॅमेऱ्यामागे जाऊन म्हणायचं, "श्वास सोड. सोडलास? आता तसाच राहा." श्वास सोडून झाल्यावर माणूस क्षणभर कुणाला दाखवायला तोंड करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. फोटो काढायचा तो तेवढ्यात.

रत्नागिरीत राम आळीत त्यांचा स्टुडिओ होता आणि बरोबर समोर माझं औषधांचं दुकान. त्या काळात राजिवड्यातली, मिरकरवाड्यातली मुलं आखातात जायला निघायची. पासपोर्टचे फोटो काढायला ती रघूभाईंकडे येत. नवा शर्ट, तेल लावून बसवलेले केस आणि डोळ्यांत भीती. रघूभाई म्हणत, "डोळे उघडे ठेव रे बाबा. तिकडे गेल्यावर तर ठेवायचेच आहेत." मुलगा किंचित सैल व्हायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी हे पायरीवर उभा राहून ऐकत असे.

पण त्यांचं खरं नाव होतं ते निगेटिव्हवरच्या कामासाठी. उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून दिवा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचा एकेक डाग भरून काढायचा. देवी येऊन गेलेल्या मुलींचे फोटो आईवडील खास त्यांच्याकडे घेऊन येत. लग्नाच्या बाजारात तो फोटो आधी जायचा, मुलगी नंतर. मी एकदा थट्टेने विचारलं, "रघूभाई, ही फसवणूक नाही का?" पेन्सिल न थांबवता ते म्हणाले, "नाय रे माधवा. बघायला येणारा आधी व्रण बघतो, मुलगी बघतच नाय. मी त्याला आधी मुलगी दाखवतो. व्रण काय, तो नंतर बघेलच."

त्या हातांना काहीतरी होतंय हे मला माझ्याच काउंटरवर कळलं. ऐंशी साल नुकतंच उलटलं असेल. रघूभाई डोकेदुखीची गोळी घ्यायला आले होते आणि बोलता बोलता उजवा हात काउंटरवर टेकवून उभे होते. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरत होती, जणू तंबाखू मळत असावेत. रघूभाई तंबाखू खात नसत. माझी नजर गेली तसा त्यांनी हात खिशात घातला.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हे बरं होणारं नाही, गोळ्या घेऊन सांभाळत न्यायचं, असंही सांगितलं. गोळ्या मी मुंबईहून मागवून देऊ लागलो. काम चालू असलं की हात बरा असायचा, पण पेन्सिल टेकवून नेमकी जागा धरायची वेळ आली की थरथर सुरू व्हायची. एकदा पालीच्या एका मुलीच्या निगेटिव्हवर पेन्सिल घसरली आणि डोळ्यातून आरपार रेघ गेली. रघूभाईंनी मुलीच्या वडिलांना खरं ते सांगितलं, मुलीला परत बोलावलं, परत फोटो काढला आणि आहे तसा दिला. वडील भले होते. "असू दे भाई," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर रघूभाईंनी पेन्सिलींचा डबा कपाटात ठेवला आणि परत काढला नाही.

तसंही रंगीत फोटो आले होते. ते धुवायला बाहेरगावी जात, त्यांत हाताचं काम उरत नव्हतं. वर्षभरात स्टुडिओ बंद झाला आणि तिथे कॅसेटचं दुकान आलं. दिवसभर गाणी वाजत. मी माझ्या पायरीवर उभं राहणं सोडलं.

रघूभाईंचं घर मांडवीला. गच्चीवरून पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला भाट्याची बाजू. घरात ते आणि सुमनवहिनी. एकुलती मुलगी मीना लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती. दुकान बंद केल्यावर मी वाटेत त्यांच्याकडे डोकावत असे. पहिले काही महिने ते नुसते बसून असायचे, मांडीवर हात, आणि त्या हातांकडे बघत. वहिनी मला दाराशी गाठून हळूच म्हणत, "भावोजी, यांना कायतरी सांगा हो. असा माणूस बसून बसून जायचा."

मला काही सांगावं लागलं नाही. एका मासिकात घरी दुर्बीण करण्याची कृती आली होती. रघूभाईंनी मुंबईहून जाड काचेच्या दोन चकत्या मागवल्या. एक खाली पक्की बसवायची, तिच्यावर भरड पूड आणि पाणी टाकायचं आणि दुसरी वर ठेवून घासत राहायचं. महिनोन् महिने. घासता घासता वरची काच मध्ये किंचित खोलगट होते आणि तिचाच पुढे आरसा होतो. मला वाटलं, या हातांनी हे कसं व्हायचं. पण दोन्ही हातांनी काच दाबून घासायला लागले की त्यांची थरथर थांबायची. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी वहिनींना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. "सुमन गो, बघ. हात बघ." वहिनी ओले हात पदराला पुसत आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

ते दमले की वहिनी बसायच्या. त्यांना ते काम पाट्यावर वाटण वाटण्यासारखं वाटे. त्या म्हणत, "अहो, ही पूड झिजली. बदला."

"तुला कसं गो कळतं?"

"आवाज बारीक झाला."

पुढे पुढे दुपारची बैठक वहिनींचीच झाली. रघूभाई शेजारी खुर्चीत बसून पाणी शिंपडत. आरसा तयार झाला, मुंबईहून मुलामा चढून आला. सुताराकडून लाकडी नळी करून घेतली, आणि स्टुडिओतल्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचं जडशीळ स्टँड दुर्बिणीला मिळालं. पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, म्हणून रघूभाई माझ्याकडून गोळ्यांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या घेऊन जात. मी त्या त्यांच्यासाठी एका बरणीत साठवत असे. "औषधांना कमी पडतील हो," मी म्हणायचो. ते म्हणत, "औषधं लोक खाऊन संपवतात. माझ्या काचेला जन्म काढायचाय इथे."

पहिला फोटो त्यांनी अर्ध्या चंद्राचा काढला, ऊन उतरल्यावर, आकाश अजून निळं असताना. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की दुर्बीण हलायची, मग ती हाताच्या थरथरीने असो की बटणाच्या धक्क्याने. त्यावर त्यांनी युक्ती काढली. दुर्बिणीच्या तोंडासमोर काळ्या पुठ्ठ्याचा गत्ता धरायचा, कॅमेरा आधीच उघडा ठेवायचा, सगळं स्थिर होऊ द्यायचं आणि मग गत्ता बाजूला करून परत झाकायचा. गत्ता दुर्बिणीला टेकतच नाही. "हात कितीही हलू दे," ते मला म्हणाले, "चंद्राला पत्ता लागत नाय."

छपाईचं काम न्हाणीघरात लाल दिवा लावून चाले. तो पहिला चंद्र वाळत घातला तेव्हा वहिनींनी जवळ जाऊन बघितलं. "अग बाई, किती व्रण हे." रघूभाईंनी एवढा वेळ जे मनात घोळवलं होतं ते सांगितलं, "आयुष्यभर लोकांचे व्रण काढले. हे एकच गिऱ्हाईक असं मिळालं, ज्याचे व्रण आले नाय तर फोटो फुकट."

मग त्यांना नाद लागला. गुरूचे चार चंद्र ठिपक्यांसारखे आले. शुक्र कोयरीसारखा आला. ज्या वर्षी आपला एक माणूस अवकाशात जाऊन आला त्या वर्षी गावात जो तो वर बघत होता. तिन्हीसांजेला, तारे उमटता उमटता, एखादा उपग्रह त्यांच्यामधून सावकाश चालत जाताना दिसे. रघूभाईंनी नुसता कॅमेरा गच्चीवर आकाशाकडे तोंड करून ठेवला आणि तो उघडाच राहू दिला. निगेटिव्ह मला दाखवायला ते दुकानात घेऊन आले. ताऱ्यांच्या बारीक ठिपक्यांमधून एक रेघ गेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघ," ते म्हणाले. "कसा गेलाय. कुठे थरथर नाय."

निगेटिव्ह त्यांच्या हातात इतकी हलत होती की ती रेघ बघायला मला त्यांचं मनगट धरावं लागलं. ते मी धरलं आणि आम्ही दोघांनी ती बघितली.

कंपवात नुसता हातांत राहत नाही. पुढच्या वर्षांत रघूभाईंची चाल आखडली, पावलं घासत पडू लागली. आवाज खाली गेला. समोर बसलेल्याला ऐकू येत नसे, मी खुर्ची ओढून कान जवळ नेत असे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांचा चेहरा थांबला. या रोगात तोंडाचे स्नायू ताठ होतात. आत हसू आलं तरी ओठांपर्यंत पोचत नाही. सबंध गावाचे चेहरे ज्याने ओळखले, त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येईना. वहिनी म्हणायच्या, "राग आलाय की भूक लागलीय, मला विचारावं लागतं आता."

शनीचं वेड त्यांनी याच दिवसांत घेतलं. त्या वर्षांत शनीची कडी आपल्याकडे कलून चांगली उघडलेली होती. पण तो ऐन भरात असे नेमका पावसाळ्यात, जेव्हा आमच्याकडे चार महिने आकाश म्हणून काही नसतं. पाऊस गेला की संध्याकाळी नैऋत्येला तो थोडा वेळ मिळायचा. शेजारपाजारचे म्हणत, "कशाला हो शनीच्या वाटेला जाता? साडेसाती ओढवून घ्याल." रघूभाई पुटपुटत आणि मी ते मोठ्याने सांगत असे, "तो कुठे आपल्याकडे बघतो? आपणच बघतो त्याच्याकडे."

चंद्राला क्षणभर उजेड पुरतो, शनीला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि चित्र फरफटतं. म्हणून दुर्बिणीला एक लांब स्क्रू बसवला होता. तो अगदी सावकाश, एका गतीने फिरवत राहायचं. ते काम वहिनींचं. दिवेलागण झाली, देवापाशी दिवा लावला, की वहिनी त्यांना धरून गच्चीवर आणत, खुर्चीत बसवत आणि स्वतः स्क्रूपाशी उभ्या राहत. रघूभाई गत्ता धरून बसत.

"घेऊ?"

"थांबा. वारा आहे."

"आता?"

"आता घ्या."

गत्ता बाजूला व्हायचा. वहिनींची बोटं दिसणारही नाहीत इतकी हळू फिरायची. समुद्राचा आवाज तेवढा यायचा. गत्ता परत झाकला की दोघांचा श्वास एकदमच सुटे.

रोलामागून रोल फुकट गेले. कुठे शनी पुसट, कुठे लांबट, भाताच्या शितासारखा. दिवाळी झाली. शनी रोज थोडा थोडा समुद्राकडे झुकत होता. एका रविवारी वहिनींनी मला मुद्दाम बोलावणं पाठवलं. न्हाणीघरात लाल दिव्याखाली आम्ही तिघं दाटीवाटीने उभे होतो. खरं तर रघूभाई स्टुलावर बसले होते. आताशा कागद त्यांना धरवत नसे. वहिनींनी कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलकेच झुलवू लागल्या. कागद आधी काळवंडला, त्या काळ्यात मध्ये एक पांढरा ठिपका राहिला. तो ठिपका गोल होता, आणि गोलाभोवती, त्याला न चिकटता, एक कडं होतं. दोन्ही बाजूंना गोल आणि कडं यांच्यामध्ये काळी फट दिसत होती.

"आला," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. रघूभाईंचा चेहरा होता तसाच, भिंतीसारखा. "अहो, हसताय ना?"

मी कान जवळ नेला. रघूभाई म्हणाले, "कधीपासनं."

तो फोटो रघूभाईंच्या खोलीत लागला. त्याची मोठी प्रत मी मागून घेतली आणि दुकानात लावली. रघूभाईंची एकच अट होती, खाली नाव सुमन रघुवीर नार्वेकर असं घालायचं. वहिनी संकोचल्या. "माझं कशाला? मी नुसता खिळा फिरवला." पण अट मोडली नाही. औषधांच्या दुकानात शनी बघून काही गिऱ्हाइकं बिचकत. एक म्हातारी तर पाठ करून औषध घ्यायची.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, सुमनवहिनी गेल्या. सकाळी पाणी भरताना चक्कर येऊन पडल्या आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आजारी होते ते रघूभाई. वर्षानुवर्षं गोळ्या चालल्या होत्या त्यांच्या. वहिनींसाठी मी कधी साधी तापाची गोळीही दिल्याचं आठवत नाही.

घर माणसांनी भरलं होतं. रघूभाई खुर्चीत बसले होते, समोर बघत, चेहरा थांबलेला. डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं, पण ते जवळ गेल्यावरच दिसायचं. बायकांच्यात कुणीतरी म्हणालं, "बघा, एवढी बायको गेली, यांच्या तोंडावर काही आहे का?" मी ते ऐकलं आणि रघूभाईंनीही ऐकलं. मी म्हणालो, "त्यांना आजार आहे. त्यांचं तोंड हलत नाही." संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. ते म्हणाले, "माधवा, मला ओरडावंसं वाटतंय. तेवढा आवाज नाय." मी त्यांचे हात माझ्या हातांत धरून बसलो. ते हात त्या दिवशी माझ्याने आवरेनात.

त्या वर्षी घरात गणपती आणला नाही. आणि गावात कुजबुज सुरू झाली. शनीच्या मागे लागले, फोटो काढून घरात लावला, वर बायकोचं नाव घातलं, मग दुसरं काय व्हायचं. एक लांबचे नातेवाईक तर तोंडावर सांगून गेले की तो फोटो समुद्रात सोडा. रघूभाईंनी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तरी त्या गृहस्थांना ऐकू गेलं नसतं. फोटो त्यांच्या खोलीतच राहिला, आणि माझ्या दुकानातलाही मी हलवला नाही.

पाऊस उघडल्यावर मी त्यांना म्हणालो, "चला गच्चीवर. मी फिरवतो तो स्क्रू." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नको रे. तू मन लावून करशील, मला माहिताय. पण मला सारखं तिकडे बघायला होईल, कोण उभं आहे ते." मी परत विषय काढला नाही.

मीना त्यांना न्यायला आली. एकट्याने राहण्याची स्थितीच नव्हती. दुर्बिणीची नळी, स्टँड, कॅमेरे, सगळं त्यांनी इथल्या एका शाळेला देऊन टाकलं. आरसा मात्र काढून घेतला. वहिनींच्या जुन्या साडीत गुंडाळून तो मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. मीना म्हणाली, "भाई, मला द्या. गाडी आदळते, फुटेल." त्यांनी मान हलवली. मी खिडकीतून कान आत नेला. "तिच्या हातचं आहे," ते म्हणाले. गाडी निघेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पण मला एव्हाना वाचता येत होतं.

पुढच्या महिन्यात औषधांच्या खरेदीला मुंबईला गेलो तसा डोंबिवलीला जाऊन आलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसरी इमारत. रघूभाई आणखी वाळले होते. मला बघून त्यांची बोटं हलली, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळी हलली. मी जवळ बसलो.

"दिसतो काय तो?" त्यांनी विचारलं. गावाकडच्या माणसाची खुशाली विचारावी तसं.

"दिसतो. दिवेलागणीला, भाट्याच्या अंगाला. आता खाली आलाय बराच."

"लोक अजून बोलतात? तिच्यावरनं?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "बोलतात अधूनमधून. फोटो बघितला की निघतो विषय."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असणार. पण ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "बोलू देत. तेवढं तरी नाव निघतं तिचं."

तीच आमची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात दुकानातल्या फोनवर मीनाचा निरोप आला. घाटात दरड आली होती. मी डोंबिवलीला पोचलो तोवर दोन दिवस झाले होते आणि सगळं उरकलं होतं. मीनाने चहा दिला. खिडकीपाशी रिकामी खुर्ची होती. मीना तिथेच जमिनीवर टेकली आणि म्हणाली, "माधवकाका, शेवटी शेवटी भाई खूप बोलायचे. सारखे ओठ हलायचे. मला काही कळायचं नाही. मी नुसती हो हो म्हणायचे. तुम्हाला कळायचं ना त्यांचं? काय बोलायचे हो ते?"

मी चहा खाली ठेवला आणि तिला सांगायला लागलो. राम आळीपासून सुरुवात केली. बाहेर पाऊस पडत होता. ती मध्ये एकदा दिवा लावायला उठली, परत येऊन बसली, आणि मी पुढे सांगत राहिलो.